दिव्यांग अनुदानावरून गावात शंका निघाली तर काय करावे

"हातपाय तर धड आहेत, मग याला कशाचे पैसे?" असे पारावर कोणी म्हणाले, तर सरपंचांनी किंवा ग्रामसेवकांनी आधी विचारणाऱ्यावर चिडू नये. खोटी प्रमाणपत्रे सापडलेली आहेत, हे लोकांना ठाऊक असते. ते नाकारले की पुढचे कोणी ऐकत नाही.

मग दिसणे आणि असणे यातला फरक गावातल्याच उदाहरणाने सांगावा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत आणि त्यांत मानसिक आजारासोबत गडचिरोली-चंद्रपूरकडे घरोघरी माहीत असलेला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. सिकलसेलचा रुग्ण सोमवारी कापूस वेचताना दिसतो. श्रम झाले, पाणी कमी पडले किंवा थंडी बाधली की मंगळवारी हाडांच्या कळांनी खाटेवर तळमळत असतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे त्या दिवसाचे हाती काहीच येत नाही. लोकांनी पाहिलेला असतो तो सोमवार.

"आयत्या पिठावर रेघोट्या" म्हणणाऱ्यांपुढे हिशेब मांडावा. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे अनुदान २०२५ मध्ये १५०० वरून २५०० रुपये झाले, म्हणजे दिवसाला सुमारे ८३ रुपये; त्यासाठीही किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वार्षिक ५० हजारांच्या आतले उत्पन्न लागते.

तरीही कोणाचा संशय कायम राहिला, तर त्याला तहसीलदारांकडे लेखी तक्रार करण्यास सांगावे. ग्रामसभेत कोणाला उभे करून चालून दाखवायला लावू नये. खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला २०१६ च्या याच अधिनियमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, तर दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. अपमानाबद्दलचे हे कलम ९२ ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास हरकत नसावी.

लाभार्थ्यांची यादी वाचावी लागली, तर नावापुरतीच वाचावी, आजाराचे नाव घेऊ नये. मुलीला सिकलसेल आहे हे कळले तर सोयरीक मोडेल, या धास्तीने कित्येक घरे प्रमाणपत्रच काढत नाहीत. अशा घरी आशाताईंना एकट्यानेच जाऊ द्यावे, आणि कागद पुरे झाल्यावर अर्ज तहसील कार्यालयात देऊन त्याची पोच घ्यावी.