पोकेमॉन शोडाउन : अनोळखी फॉरमॅट शिकायचा तर

पोकेमॉन शोडाउन या ऑनलाइन लढतींच्या सिम्युलेटरवर ओयू सिंगल्समध्ये (एकास एक लढतींच्या फॉरमॅटमध्ये) चांगला एलो (रेटिंगचा आकडा) असलेला खेळाडू व्हीजीसीत (दोनास दोन, म्हणजे डबल्स लढतींच्या अधिकृत स्पर्धांच्या फॉरमॅटमध्ये) उतरतो आणि पहिल्या दहा लढतींत आठ हरतो. त्याला खेळ येत नाही असं नसतं. त्याच्या सवयी सिंगल्समध्ये बरोबर होत्या, इथे त्याच अंगाशी येतात. म्हणून नवा फॉरमॅट, म्हणजे वेगळ्या नियमांचा खेळ, शिकताना पहिला प्रश्न हा : इथे आकडे कुठे बदलले, आणि त्यामुळे जुनी कोणती सवय महागात पडणार?

सुरुवात नियमांपासून करा. नियम वाचायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, पण पाच मिनिटांचं काम आहे. शोडाउनच्या चॅटमध्ये स्लॅश-टिअर आणि फॉरमॅटचं नाव टाइप केलं की माहिती येते. त्यात चार गोष्टी शोधा : लेव्हल किती, सहापैकी किती पोकेमॉन मैदानात नेता येतात, कोणते क्लॉज (जादा अटी) लागू आहेत आणि कशावर बंदी आहे. व्हीजीसीत लेव्हल 50 असते, सहा दाखवून चार न्यायचे असतात आणि एकच आयटम (पोकेमॉनजवळ ठेवायची वस्तू) दोघांना देता येत नाही. स्लीप क्लॉज, म्हणजे समोरच्याचा एका वेळी एकच पोकेमॉन झोपवायची अट, मात्र नसतो. सिंगल्समधून येणारे या शेवटच्या गोष्टीवर हमखास आपटतात. समोरचा स्पोर (झोपवणारी मूव्ह, म्हणजे चाल) मारून तुमचे दोन्ही पोकेमॉन झोपवू शकतो आणि नियम मधे पडत नाही. म्हणून टीममध्ये स्पोर न लागणारा ग्रास टाइप, ती अडवणारा सेफ्टी गॉगल्स हा आयटम किंवा जमिनीवरच्यांना झोपू न देणारी इलेक्ट्रिक टेरेन यांपैकी काहीतरी हवंच.

टीम स्वतः बांधू नका. निदान पहिल्या वीस लढती तरी नको. जवळपास प्रत्येक फॉरमॅटसाठी स्मोगॉन या स्पर्धात्मक पोकेमॉनच्या साइटवर सॅम्पल टीम्स (नमुन्याच्या तयार टीम्स) असतात. त्यांतली एक कॉपी करा, टीमबिल्डरमध्ये इम्पोर्ट करा आणि हात न लावता खेळा. निवडताना साधी, समतोल टीम घ्या. पाऊस, ट्रिक रूम (संथ पोकेमॉनला आधी खेळू देणारी मूव्ह) किंवा एकाच पोकेमॉनभोवती फिरणारी टीम घेतली तर तुम्ही ती टीम शिकाल, फॉरमॅट नाही. स्वतःची टीम घेऊन हरलात तर चूक टीमची की खेळण्याची, हे कळायला मार्ग नसतो. उसनी टीम असली की निम्मा संशय आपोआप मिटतो.

मग आकडेवारी. स्मोगॉन दर महिन्याला प्रत्येक लॅडरची (फॉरमॅटच्या रेटिंगच्या क्रमवारीची) कोणता पोकेमॉन किती वापरला गेला याची आकडेवारी देतं. एका महिन्याच्या रेटिंगनुसार कित्येक फाइल्स असतात. नवखा माणूस 0 लिहिलेली उघडतो आणि फसतो, कारण तिच्यात पहिल्याच दिवशी मजेखातर खेळणाऱ्यांचीही लढत तेवढ्याच वजनाने मोजलेली असते. बहुतेक फॉरमॅटांसाठी 1630 किंवा 1760 ची फाइल घ्या. ओयूसारख्या गजबजलेल्या लॅडरला 1695 आणि 1825 असतात. (हे आकडे तुमच्या नावापुढे दिसणाऱ्या एलोचे नव्हेत, ग्लिको या दुसऱ्या पद्धतीच्या रेटिंगचे आहेत. तेव्हा तुलना करत बसू नका.) किती खोल उतरायचं, याला स्मोगॉनचाच उंबरठा सोयीचा आहे : 4.52 टक्के. एवढा वापर असलेला पोकेमॉन 15 लढतींत एकदा तरी भेटण्याची शक्यता बरोबर निम्मी असते. त्याच्या वरचे सगळे ओळखीचे करा, खालचे पहिल्या महिन्यात सोडून द्या.

नुसती यादी पाठ करून उपयोग नाही. मूव्हसेटच्या फाइलमध्ये प्रत्येकाचे आयटम, मूव्ह, ईव्ही (स्टॅट वाढवायला वाटून द्यायचे पॉइंट) आणि जोडीदार टक्केवारीने दिलेले असतात. तिथे धक्का देणारी गोष्ट शोधा : ज्याला तुम्ही हल्लेखोर समजत होतात तो इथे टेलविंड (आपल्या बाजूचा स्पीड दुप्पट करणारी मूव्ह) लावतो का? ज्याच्याकडे लेफ्टओव्हर्स (दर टर्नला थोडा जीव भरून देणारा आयटम) गृहीत धरलं होतं त्याच्याकडे चॉइस स्कार्फ (स्पीड दीडपट करणारा आयटम) आहे का? जे अपेक्षेप्रमाणे आहे ते टिपू नका, लक्षात राहतंच.

स्पीडचा तक्ता मात्र स्वतःच्या हाताने लिहा. आयता तक्ता वाचून विसरला जातो. लेव्हल 100 वर पूर्ण स्पीडचा जॉली (स्पीड वाढवणाऱ्या स्वभावाचा) गार्चॉम्प 333 वर असतो, तोच लेव्हल 50 वर 169 वर. सिंगल्समध्ये 333 हा आकडा डोक्यात बसलेला असतो आणि व्हीजीसीत त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. वापरातले वरचे 25 ते 30 पोकेमॉन, त्यांचा नेहमीचा स्पीड आणि शेजारी स्कार्फसह दीडपट. डबल्स असेल तर तिसऱ्या रकान्यात टेलविंडची दुप्पट. आपल्या टीममधले सहा त्याच कागदावर वेगळ्या शाईने घाला. आपण कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर, हे टर्नच्या मध्ये शोधत बसायला वेळ नसतो.

आता डबल्सबद्दल जरा सविस्तर, कारण सर्वाधिक घसरगुंडी तिथेच होते. दोघांनाही लागणाऱ्या मूव्हचं डॅमेज 75 टक्के होतं. समोर एकच उरला असेल तर मात्र पूर्ण लागतं. डॅमेज कॅल्क्युलेटरवर वर सिंगल्स-डबल्सची कळ असते. ती सिंगल्सवर राहिली की हिशेब एकतृतीयांशाने फुगतो आणि ‘हा नक्की पडणार होता’ म्हणत कपाळावर हात मारायची वेळ येते. अर्थक्वेक तुमच्या जोडीदारालाही लागतो, म्हणून तो मारणाऱ्याच्या शेजारी फ्लाइंग टाइप, लेव्हिटेटवाला (तरंगणारा) किंवा प्रोटेक्ट (त्या टर्नचे हल्ले अडवणारी मूव्ह) करणारा हवा.

टेलविंड चार टर्न टिकतं असं लिहिलेलं असतं, पण लावलेला टर्न त्यातच मोजला जातो. हाती तीन पूर्ण टर्न येतात. ट्रिक रूमचे पाच, म्हणजे कामाचे चार. समोरच्याने यांपैकी काही लावलं की घाबरून उलट हल्ला करू नका. प्रोटेक्ट आणि स्विच (पोकेमॉनची अदलाबदल) करत टर्न जाळा. मात्र लागोपाठ दुसऱ्यांदा प्रोटेक्ट यशस्वी होण्याची शक्यता तीनात एक एवढीच असते. फेक आउट (समोरच्याचा तो टर्न वाया घालवणारी मूव्ह) मैदानात आल्याच्या पहिल्याच टर्नला चालतो आणि घोस्ट टाइपला लागत नाही. म्हणून टेलविंड लावणाऱ्याच्या शेजारी फेक आउटवाला उभा करायची पद्धत आहे. आणि सिंगल्सचा लाडका स्टेल्थ रॉक (स्विच करून येणाऱ्याला इजा करणारे दगड पेरणारी मूव्ह) इथे घरी ठेवा : चारच पोकेमॉन, थोडेच टर्न, त्यात एक टर्न दगड पेरण्यात घालवणं परवडत नाही.

उलट प्रवास करणाऱ्यांनी, म्हणजे व्हीजीसीतून ओयूत येणाऱ्यांनी, नेमकं हेच उलटं धरावं. प्रत्येकाला प्रोटेक्ट देणं म्हणजे एक मूव्ह वाया. स्विच हीच इथली मुख्य चाल, आणि प्रत्येक स्विचला स्टेल्थ रॉक कर वसूल करतो : साध्या पोकेमॉनकडून 12.5 टक्के, चारिझार्डसारख्या चौपट कमकुवत असलेल्याकडून 50 टक्के. या दगडांपासून वाचवणारे हेवी-ड्यूटी बूट्स एवढे का दिसतात, ते यातून कळेल.

लिटल कपची (अजून उत्क्रांत न झालेल्या पोकेमॉनच्या फॉरमॅटची) तऱ्हा आणखी निराळी. लेव्हल 5 वर एकेका पॉइंटला मोल येतं, कारण एका पॉइंटसाठी 80 ईव्ही खर्चावे लागतात आणि मधले ईव्ही चक्क फुकट जातात. बेस स्टॅट (त्या जातीचा मूळ आकडा) शून्यावर संपत असेल तर आकडा 36, 116 आणि 196 ईव्हीला उडी मारतो; पाचवर संपत असेल तर 76, 156 आणि 236 ला. इतरत्र चालणारं 252-252-4 हे ईव्हींचं वाटप इथे टाकलं की उरलेले पॉइंट पाण्यात. लाइफ ऑर्ब (हल्ल्याचा जोर वाढवून बदल्यात जीव खाणारा आयटम) देणार असाल तर एचपी (जीव) 19 वर थांबवा : दर हल्ल्याला एकच एचपी जातो, 20 केलात की दोन. स्टेल्थ रॉकचंही तसंच, 23 एचपीवर दोन आणि 24 वर तीन. जास्त एचपी म्हणजे चांगलं, हा समज इथे सोडावा लागतो. इव्होलाइट या उत्क्रांत न झालेल्यांचा बचाव वाढवणाऱ्या आयटमवर सगळी मदार असल्याने नॉक ऑफला (समोरच्याचा आयटम पाडणाऱ्या मूव्हला) वेगळाच भाव आहे. तो कोण झेलणार, हे टीम घेतानाच ठरवा.

लॅडरवर जाण्यापूर्वी दहा रिप्ले (इतरांच्या लढतींची रेकॉर्डिंग) बघा, पण सिनेमासारखे नाही. चालू लढतींच्या यादीत किमान एलोची चाळणी असते, ती वर ठेवा. जुन्या रिप्लेमध्ये प्रत्येक टर्नपूर्वी थांबवा, दोन्ही बाजू काय करतील ते लिहा, मग पुढे जाऊ द्या. व्हीजीसीत टीम प्रिव्ह्यूलाच (लढतीआधी दोन्ही टीम दिसतात तेव्हाच) थांबून कोणते चार निघतील आणि कोणते दोन पुढे उभे राहतील याचा अंदाज बांधा. टीम प्रिव्ह्यूला 90 सेकंद आणि आख्ख्या लढतीला तुमच्या वाट्याची 7 मिनिटं, एवढाच वेळ असतो. हा सराव नसेल तर घड्याळच हरवतं.

लॅडर 1000 वर सुरू होतं आणि त्याखाली जात नाही, तेव्हा सुरुवातीच्या हरण्याला किंमत नाही. वाटलं तर त्यासाठी वेगळं नाव घ्या. वीस लढती खेळा आणि प्रत्येक पराभवापुढे एकच कारण लिहा : मूव्ह किंवा अ‍ॅबिलिटी माहीत नव्हती, स्पीड चुकला, चार चुकीचे नेले, अंदाज फसला किंवा नशीब. ‘नशीब’ निम्म्याहून जास्त वेळा आलं तर वही खोटं बोलते आहे. 80 टक्के अचूक मूव्ह पाचात एकदा चुकणारच, तिच्यावर सगळा डाव टांगला असेल तर तो अंदाजाचा दोष. ‘माहीत नव्हतं’ जास्त असेल तर आकडेवारीकडे परत जा. लढत चालू असतानाही स्लॅश-डीटी आणि नाव टाइप केलं की तपशील येतो, त्यात लाज कसली? ‘चार चुकीचे’ जास्त असेल तर रिप्ले वाढवा. नावापुढच्या एलोपेक्षा जीएक्सई बघा. त्या लॅडरवरच्या साधारण खेळाडूला तुम्ही हरवण्याची टक्केवारी तो देतो आणि एका वाईट संध्याकाळमुळे कोसळत नाही.

वीस लढतींनंतरच टीममध्ये बदल करा, आणि एका वेळी एकच. सहापैकी जो सर्वांत कमी वेळा नेला गेला तो पहिला उमेदवार. पण त्याला काढण्याआधी जिंकलेल्या लढती उघडून बघा : समोरच्याने केवळ तो प्रिव्ह्यूत दिसला म्हणून आपला मोहरा घरी ठेवला असेल, तर तो मैदानात न उतरताही काम करत होता.