जुन्या टाटा 1210 ट्रकमध्ये 697 इंजिन बसवताय? मग या चुका टाळा रे भो

गेल्या महिन्यात परत एक आला. पिकअपच्या मागे ताडपत्रीत गुंडाळलेलं 697 इंजिन, आणि खाली उतरायच्या आधीच विचारतो, "दादा, दोन दिवसात बसेल ना?" गाडी म्हणे घरी उभी आहे, बॉनेटवाली 1210, आजोबांची, सावद्याची केळी वाहून वाहून म्हातारी झालेली. मी म्हटलं गाडी कुठंय? तर म्हणे गाडी नंतर आणतो, आधी इंजिनाचं सांगा. आता बिना नवरीचं मी लग्न कसं लावू?

तर हे लिहायला बसलो कारण तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलंय. महामार्गाच्या कडेला माझं गॅरेज आहे, वीसेक वर्षं जुन्या गाड्यांतच हात काळे केलेत, आणि आजकाल मोबाईलवर दोन व्हिडिओ बघून जो तो इंजिन बदलायला निघतो.

आधी हिशेब समजून घ्या. 692 हे 1210 चं मूळ इंजिन, म्हणजे 6 सिलिंडर आणि 92 मिलिमीटर बोअर, बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी. 697 म्हणजे 6 सिलिंडर, 97 बोअर. स्ट्रोकही, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 120 वरून 128 झाला. म्हणून 4788 सीसीचं 5675 सीसी होतं. गाडीच्या नावातही तेच, 1210 म्हणजे ढोबळमानाने 12 टन आणि 100 हॉर्सपॉवर, 697 वाला 1613 म्हणजे 16 टन आणि 130. म्हणजे तुम्ही तीस घोडे वाढवताय, आणि त्या घोड्यांचा चारा, घाम, लाथा सगळं त्या जुन्या चेसिसनेच झेलायचंय. लोक फक्त घोडे मोजतात.

इंजिन मोठं, रेडिएटर तोच

माझं डोकं सगळ्यात जास्त इथं फिरतं, म्हणून जरा लांबण लावतो.

रावेरकडचे एक नाना होते. त्यांनी दुसरीकडे कुठंतरी तीन दिवसात 697 बसवून घेतलं. गाडी लागली मस्त, पिकअप एकदम भारी, नाना खुश, गावात दोन चकरा मारल्या आणि मे महिन्यात मका भरून निघाले कन्नडकडे. तेव्हा जड गाड्या कन्नड घाटातून जायच्या. आपल्याकडचा मे म्हणजे तुम्हाला सांगायला नको, भुसावळला पारा 45 च्या वर जातो तेव्हा बॉनेटवर भाकरी शेकावी असा पत्रा तापतो. तर भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, सगळा सपाट रस्ता, तापमानाचा काटा अर्ध्यावर. घाट लागला, दुसऱ्या गिअरला गाडी आली आणि काटा सरकायला लागला. ड्रायव्हरला वाटलं मीटर जुनं आहे, खोटं दाखवतंय. अर्धा घाट तसाच चढवला. मग वाफ. क्लीनर पोरगा नवीन, त्याने हातावर गमछा टाकला आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं, हात भाजला बिचाऱ्याचा कोपरापर्यंत. आणि ते कमी होतं म्हणून घाबरलेल्या ड्रायव्हरने कॅनमधलं गार पाणी सरळ ओतलं तापलेल्या इंजिनात. हेडला चीर. जागेवर.

मला दुपारी फोन आला. तिथं जाऊन बॉनेट उघडलं तर चार चुका एकाच जागी बसलेल्या. रेडिएटर जुना 692 चा, तीन लाईनचा, म्हणजे नळ्यांच्या तीन रांगांचा, त्यातल्या अर्ध्या नळ्या क्षाराने बंद, कारण इतकी वर्षं त्यात बोअरवेलचं पाणी भरलेलं. इंजिन मागे सरकवून बसवलेलं त्यामुळे पंखा रेडिएटरच्या जाळीपासून वीतभर लांब. फॅनचं कव्हर बसत नव्हतं म्हणून काढून भंगारात टाकलेलं. म्हणजे पंखा जाळीतून हवा ओढायची सोडून तिथल्या तिथे तीच गरम हवा घोटत होता. आणि चौथी, सगळ्यांची लाडकी, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, काढून टाकलेला.

हा थर्मोस्टॅट काढायचा उपाय कोणी शोधला माहीत नाही पण तो आपल्याकडे प्रसादासारखा वाटला जातो. गाडी गरम मारते? थर्मोस्टॅट काढ. अरे भो, बायपासवाला थर्मोस्टॅट असेल तर तो उघडताना बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनात परत जाणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करतो, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. तोच काढून फेकला की बायपास कायमचा उघडा, आणि गरम पाण्यातला बराच भाग रेडिएटरचं तोंडही न बघता परत इंजिनात फिरतो. गार करायला म्हणून काढता आणि घाटात तोच नडतो.

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. इंजिन उतरवायच्या आधीच रेडिएटर काढून रेडिएटरवाल्याकडे टाकतो, चार लाईनचा कोअर घालून घेतो. पंखा आणि जाळी यात आडवी दोन बोटं जागा ठेवतो, त्याहून कमी नाही कारण ब्रेक मारल्यावर इंजिन रबरांवर पुढे झुकतं आणि पंखा जाळी खातो. कव्हर बसत नसेल तर पत्रा आणून नवीन करतो पण बिना कव्हरची गाडी सोडत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. पंख्याची पाती अर्धी कव्हरच्या आत, अर्धी बाहेर. पाण्याने दोनदा धुवायचं, मग कूलंट. आणि चाचणी गॅरेजच्या आवारात रेस देऊन नाही, ते म्हणजे पाटावर बसून पोहणं शिकल्यासारखं झालं. माल भरायचा आणि भर दुपारी धुळ्याजवळचा लळिंग घाट चढवायचा, काटा तिथं खरं बोलतो.

नानांना त्या एका दिवसाचा खर्च जो आला त्यात दोन रेडिएटर झाले असते. क्लीनरचा हात बरा झाला, पण पोराने परत ट्रकवर काम केलं नाही.

जॉइंट कापून जोडणं

ही चूक माझी स्वतःची आहे, लपवत नाही. नवीन होतो, बावीस-तेवीसचा, आणि बावीस-तेवीसच्या पोराला सगळं येत असतं. इंजिन अडीच इंच मागे घेतलं, मग मागचा जॉइंट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा, लांब पडायला लागला. लेथवर नेला, कापला, वेल्डिंग मारली, पॉलिश पेपरने घासून वर काळा रंग दिला, दिसायला कंपनीचा. बॅलन्सिंगला जळगावला पाठवावं लागेल, दोन दिवस जातील, म्हणून पाठवला नाही. आमच्याकडे एक म्हातारे मिस्त्री होते, बिडी ओढत बघत बसलेले, ते एवढंच म्हणाले, "इतली घाई कसाले करी राहिना रे भो?" मी ऐकलं नाही.

चाळीसपर्यंत गाडी लोण्यासारखी, पन्नासला अख्खी केबिन कुडकुडायला लागायची. मला वाटलं टायर. टायर बदलले. मग वाटलं फाउंडेशन रबर, ज्यावर इंजिन बसतं ते. तेही बदलले. पंधरा दिवसांनी एरंडोलच्या पुढे क्रॉस, म्हणजे दांड्याच्या टोकाचा वळणारा सांधा, तुटला, जॉइंट खाली लोंबकळला आणि त्याने ब्रेकचा पाईप मारून नेला. नशीब मोकळा रस्ता होता आणि हँडब्रेक धरला.

चुका दोन होत्या. एक तर बॅलन्सिंग नाही. आणि दुसरी, ती जास्त लोक करतात, जॉइंट सोडवताना खूण केली नव्हती. स्लिप, म्हणजे दांड्याचा सरकणारा दातेरी भाग, सोडवली, परत घुसवताना एक-दोन दाते इकडेतिकडे झाले, दोन्ही टोकांचे क्रॉस धरणारे काटे एका रेषेत राहिले नाहीत. काटे रेषेत असतील तरच एका क्रॉसचा झटका दुसरा मोडतो, नाहीतर दोघांचे झटके मिळून घरादाराचा सत्यानाश. आता मी पाना लावायच्या आधी छिन्नीने दोन्हीकडे खूण मारतो, खडूने नाही, खडू ग्रीसने पुसला जातो.

आणि कोन. इंजिनाचा उतार आणि मागच्या हौजिंगच्या, म्हणजे मागच्या एक्सलच्या, पिनियनचा उतार समांतर पाहिजे. यासाठी माझ्याकडे काही मोठं यंत्र नाही, गवंड्याची लेव्हल आहे आणि पोरीच्या कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोरा आणि नट बांधलाय. पोरगी अजून शोधते तो. इंजिन साखळीवर लटकत असतानाच हे सगळं मोजायचं, फाउंडेशन नुसतं टाचून घ्यायचं, बॉनेट लावून बघायचं, संप, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, पुढच्या एक्सलला लागतो का, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवल्यावर काही अडतं का, तेल फिल्टर हात घालून निघतो का. फायनल वेल्डिंग सगळ्यात शेवटी. लोक नेमके उलटे, आधी गॅस कटर पेटवतात. आणि कापलंच तर चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोकं पाडू नका, उभ्या बाजूला पाडा, सगळा ताण त्या पट्ट्यांवर असतो.

बाकीच्या, थोडक्यात

भंगारातलं इंजिन चालू करून न बघता घेणं. "चालू गाडीतून काढलंय" असं सगळेच सांगतात. निदान हेड उघडून बघा, संपचं तेल दुधी आहे का बघा.

डिझेल पंप वाढवून घेणं. इंजिन नवीन बसलं की पहिल्याच आठवड्यात पंपवाल्याकडे जाऊन डिझेल वाढवतात. काळा धूर म्हणजे ताकद नाही, न जळलेलं तुमचं डिझेल आहे, आणि पिस्टनचं डोकं वितळलं की माझ्याकडेच येता.

जुनी क्लच प्लेट नव्या फ्लायव्हीलला. पायलट बेरिंग सोबत बदला, तीनशे-चारशे रुपयांसाठी परत गिअरबॉक्स उतरवू नका.

हौजिंगचा विचारच न करणं. मागे 6-41 चा सेट, म्हणजे 6 आणि 41 दात्यांची गिअरची जोडी, असेल तर 2800 आरपीएमला, 9.00-20 टायरवर, टॉप गिअर डायरेक्ट (1:1) धरला तर गाडी साधारण 76 च्या वेगाला जाते, 7-41 ला 89 च्या आसपास. म्हणजे नुसतं इंजिन बदलून गाडी सपाटीला फार पळणार नाही, घाटात ओढेल. पळायला पाहिजे तर सेट बदला. पण मग ब्रेकचं आधी बघा, आणि तिथं मी मागे हटत नाही, लायनर, ड्रम, पाईप नवे केल्याशिवाय मी चावी देत नाही. दोन जण भांडून निघून गेलेत यावरून, जाऊ द्या.

कागद. आरसीवर जुना इंजिन नंबर आणि बॉनेटखाली दुसरा, हे चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा, आरटीओत आधी विचारा, मग इंजिन विकत घ्या. उलट क्रमाने केलं की एजंटची चांदी. अपघात झाला तर विमावाला पहिल्यांदा तोच नंबर बघतो.

सेल्फ स्टार्टर 12 व्होल्टचा की 24 चा, हे बॅटरी जोडायच्या आधी बघा. हसू नका, जाळलेत लोकांनी.

अर्थची पट्टी. इंजिन रबरावर बसतं, रबरातून करंट जात नाही. पट्टी लावायची विसरलात तर सेल्फचा सगळा करंट ॲक्सिलेटरच्या वायरमधून वाट काढतो. अमळनेरचा एक पोरगा सकाळी सकाळी फोन करून म्हणे दादा, सेल्फ मारला की ॲक्सिलेटरच्या केबलमधून धूर येतो, गाडीत भूत आहे का. पट्टी त्याच्या टूलबॉक्समध्येच होती.

पहिला सेल्फ. इंजिन बंद करायचा स्टॉप ओढून धरा, इंजिन नुसतं फिरू द्या, ऑइलचा काटा हलला की मगच डिझेल सोडा. कोरड्या बेरिंगवर पहिली रेस मारणारे मी बघितलेत, टाळ्या वाजवत व्हिडिओ काढत असतात वर.

आणि डीपस्टिक. संप एका इंजिनाचा, काठी दुसऱ्याची, असं जुळवून बसवलं की खूण खोटी पडते. मी रिकाम्या संपमध्ये मोजून तेल ओततो, दहा मिनिटं थांबतो, काठी बुडवतो आणि जिथं तेल लागलं तिथं कानसीने नवीन खूण करतो. तो पिकअपवाला हे बघत उभा होता, म्हणे एवढं कशाला, अंदाजाने टाका ना. त्याची 1210 आता सहा दिवसांपासून माझ्याकडे उभी आहे, रेडिएटर अजून आलेला नाही, आणि रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो.