नेत्ररोग संशोधन परिषदेसाठी तरुण संशोधकांना प्रवास-साहाय्य कसे द्यावे

तरुण संशोधकांच्या साहाय्याचा विषय आयोजक समितीच्या बैठकीत बहुधा शेवटी निघतो. तोवर सभागृह, भोजन आणि निमंत्रित वक्त्यांचा खर्च ठरलेला असतो, आणि उरलेल्या रकमेत चार-पाच जणांचे नोंदणी शुल्क माफ करून समाधान मानले जाते. हा क्रम बदलून अंदाजपत्रकाच्या पहिल्याच मसुद्यात प्रवास-साहाय्याची स्वतंत्र रक्कम धरावी.

निधीची तजवीज सुमारे दीड वर्ष आधी सुरू करणे श्रेयस्कर. अमेरिकेत १९६८ साली स्थापन झालेल्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटसारख्या सरकारी संस्थांकडून परिषदांना अनुदान मिळू शकते, पण अर्जाची छाननी आणि मंजुरी यांत कित्येक महिने जातात. दृष्टिपटलाच्या ऱ्हासावर १९८४ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तरुण संशोधकांसाठीची प्रवास-पारितोषिके कार्यक्रमाचाच भाग असतात. नव्या आयोजकांनी तोच नमुना समोर ठेवावा. औषध किंवा उपकरण कंपन्यांचे पैसे घेण्यास हरकत नाही, मात्र ते सामायिक निधीत जमा व्हावेत आणि निवडीत कंपनीचा शब्द नसावा.

पंचवीस जणांना थोडे थोडे देण्यापेक्षा दहा जणांचा संपूर्ण खर्च उचलणे मला अधिक योग्य वाटते. केवळ शुल्कमाफी मिळालेल्या विद्यार्थ्याला विमानभाडे, निवास, व्हिसा आणि विमा यांची सोय स्वतःच करावी लागते, आणि ज्याला ती करता येत नाही तो शुल्कमाफी मिळूनही घरीच राहतो. लहान मूल असलेल्या संशोधकांसाठी बालसंगोपनाचा खर्चही यात धरावा.

सर्वांत मोठी गफलत पैसे देण्याच्या पद्धतीत होते. ‘आधी खर्च करा, पावत्या जोडा, परिषदेनंतर परतावा मिळेल’ हा नियम कागदावर निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात पीएचडीच्या विद्यार्थ्याला विद्यावेतनातून तिकीट काढावे लागते किंवा उसनवारी करावी लागते. परतावा मिळायला तीन महिने लागले, की साहाय्य हेच कर्ज होऊन बसते. म्हणून तिकीट आयोजकांनीच काढावे, वसतिगृहाचे किंवा हॉटेलचे बिल थेट भरावे आणि दैनंदिन भत्ता आल्या दिवशी हातात द्यावा. लेखा विभाग प्रथम नकार देईल. त्याच्याशी ही चर्चा अर्ज मागवण्यापूर्वीच उरकून घ्यावी.

वेळापत्रक व्हिसावरून उलटे मोजत आखावे. निवडीचा निर्णय परिषदेच्या किमान चार महिने आधी कळवावा आणि त्याच दिवशी निमंत्रणपत्र पाठवावे. पत्रात पारपत्रावरचे नाव अक्षरशः तसेच असावे, आणि कोणता खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहिलेले असावे.

निवड करताना गोषवाऱ्यांचे गुणांकन नाव आणि संस्था झाकून करावे, आणि स्वतःचा विद्यार्थी यादीत असलेल्या परीक्षकाने त्या अर्जापुरते बाजूला व्हावे. ‘तरुण’ ही व्याख्या वयावर न बांधता पीएचडी किंवा वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण पूर्ण झाल्यापासूनच्या वर्षांवर बांधावी. प्रसूती किंवा आजारपणाची रजा त्यातून वजा करावी. गुण सारखे पडल्यास अशी परिषद कधीच न पाहिलेल्या अर्जदाराला झुकते माप द्यावे.

परिषदेच्या जागी पोहोचल्यावरही काम संपत नाही. काचबिंदूतील चेतापेशींवरचे पोस्टर टांगून एखादी विद्यार्थिनी दोन तास उभी राहते, समोरून ओळखीचे लोक एकमेकांशी बोलत निघून जातात, आणि ज्यांचे शोधनिबंध तिने पाठ केले आहेत ते प्राध्यापक दहा फुटांवर चहा घेत असतात. हे टाळण्यासाठी प्रवास-साहाय्य मिळालेल्या प्रत्येक संशोधकाला त्याच्याच विषयातील एक ज्येष्ठ संशोधक आधीच नेमून द्यावा. त्याने पोस्टरपाशी यावे, प्रश्न विचारावेत आणि आणखी दोघांशी ओळख करून द्यावी. एवढीच जबाबदारी ठेवली तर ज्येष्ठ ती पारही पाडतात.

पोस्टरच्या सूचना पाठवताना आकाराबरोबर रंगांचाही उल्लेख करावा. लाल-हिरव्या प्रतिमा लाल-हिरवा रंगभेद न कळणाऱ्यांना वाचता येत नाहीत, त्याऐवजी किरमिजी (मॅजेंटा) आणि हिरवा वापरावा. दृष्टीवरील परिषदेत तरी हे सांगावे लागू नये, पण लागते. स्वतः अल्पदृष्टी असलेले संशोधकही येतात, त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांतील कार्यक्रमपत्रिका आणि सोबत्याचा प्रवासखर्च यांची विचारणा अर्जातच करावी.

परिषदेनंतर लांबलचक अहवाल मागू नये; एक पान पुरे. त्यात स्वतःच्या खिशातून किती आणि कशावर खर्च झाला, हा प्रश्न मात्र जरूर ठेवावा आणि आलेली उत्तरे पुढच्या अंदाजपत्रकाच्या पहिल्या बैठकीत वाचून दाखवावीत.