सेलॅजिनेलाच्या जीनोममधील जोड्या मोजण्यापूर्वी

प्रबंधासाठी अरॅबिडॉप्सिस थॅलियाना (एक छोटी सपुष्प वनस्पती) आणि सेलॅजिनेला मोएलेनडॉर्फी (एक बिनफुलांची, बीजाणूंनी वाढणारी वनस्पती) यांची जनुके ताडून पाहणाऱ्यांना ब्लास्ट, म्हणजे सारखे जनुकक्रम शोधणारी संगणकीय आज्ञावली, कसे चालवावे हे सांगण्याची गरज नाही. सांगायचे आहे ते निकालात हटकून दिसणाऱ्या जोड्यांविषयी. २०११ साली प्रसिद्ध झालेला सेलॅजिनेलाचा तुकड्यांतून जुळवलेला जीनोम (संपूर्ण डीएनए) सुमारे २१.२ कोटी बेस-जोड्यांचा भरतो, परंतु त्यात प्रत्येकी सुमारे १०.६ कोटींचे दोन हॅप्लोटाइप (एकेका जनकाकडून आलेले संच) असून ते एकमेकांशी ९८.५ टक्के जुळतात. म्हणजे एकाच जनुकाची दोन जनकांकडून आलेली रूपे वेगवेगळ्या स्कॅफोल्डवर (जुळवलेल्या डीएनएच्या लांब तुकड्यांवर), वेगळे क्रमांक घेऊन, स्वतंत्र जनुके असल्यासारखी बसलेली असतात.

अरॅबिडॉप्सिसच्या पूर्वजांत संपूर्ण जीनोमचे द्विगुणन एकाहून अधिक वेळा झालेले असल्याने जोडी दिसताच द्विगुणन म्हणण्याची आपल्याला सवय लागते. सेलॅजिनेलात मात्र २०११ च्या त्या विश्लेषणात तशा द्विगुणनाचा पुरावा मिळाला नाही. माझे बरेच महिने इथेच खर्ची पडले, म्हणून पुन्हा सांगतो: दोन्ही स्कॅफोल्ड उघडून शेजारची जनुके स्वतः वाचा. डावीउजवीकडची जनुके त्याच क्रमाने येत असतील आणि प्रथिनांत एखाददुसऱ्याच अमिनो आम्लाचा फरक असेल, तर ती अॅलील, म्हणजे एकाच जनुकाची दोन रूपे, आहेत. प्रत एकच मोजा. ९८ टक्क्यांहून अधिक जुळणारे सर्व काही गाळून टाकण्याचा झटपट उपाय मला मुळीच मान्य नाही, कारण एकाच स्कॅफोल्डवर लागून बसलेल्या, अलीकडेच वाढलेल्या खऱ्या प्रतीही त्यात जातात.

'पहिला हिट (ब्लास्टने दाखवलेले सर्वांत जुळणारे जनुक) घ्या आणि पुढे चला' असे सांगणारे मार्गदर्शकही भेटतील. त्यांचे ऐकू नका; सर्वांत जुळणारे जनुक तेच काम करते असे नाही. सिरिंगिल लिग्निन (पेशीभित्तिका कठीण करणाऱ्या लिग्निनचा एक प्रकार) दोन्ही वनस्पतींत असते, पण ते घडवणारी विकरे, दोन्ही सायटोक्रोम पी४५० या विकरांच्या मोठ्या कुळातील असूनही, स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहेत. सेलॅजिनेला ही सपुष्प वनस्पतींची पूर्वज नव्हे; ४० कोटींहून अधिक वर्षे दोन्ही वंश वेगवेगळे वाढत आले आहेत.

एवढ्याने घाबरून विषय बदलू नये. सेलॅजिनेलाची जनुके सुमारे २२ हजार, अरॅबिडॉप्सिसची सुमारे २७ हजार. एखाद्या जनुककुळाचे काम साध्या लॅपटॉपवर होते, आणि शेजार तपासणे कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. फक्त कोणती जोडी कशाच्या आधारे एक धरली, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. प्रबंध लिहिताना ती आठवून काढता येत नाही.