जुन्या डिझेल इंजिनाची गळती: आधी जागा शोधा, मग पाना उचला

डिझेल गळायला लागलं की हात आपोआप पान्याकडे जातो. ओला दिसेल तो नट आवळायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला दिसला की आणखी थोडा आवळायचा. तुटलेले बँजो बोल्ट (नळीच्या टोकाच्या कड्यातून, म्हणजे बँजोतून, जाणारे पोकळ बोल्ट), आटे गेलेलं फिल्टरचं हाउसिंग, चेपलेली नळीची टोकं हे सगळं बहुतेक वेळा याच सवयीतून होतं. गळणारा जोड सैल असण्यापेक्षा त्यातला वॉशर किंवा रबरी रिंग संपलेली असण्याची शक्यता जास्त. ती आवळून परत येत नाही.

इथलं सगळं यांत्रिक पंपाच्या इंजिनांसाठी आहे: इनलाइन किंवा रोटरी एफआय पंप (इंजेक्टरना दाबाने डिझेल देणारा फ्यूल इंजेक्शन पंप), प्रत्येक सिलिंडरला वेगळी लोखंडी नळी, साधे इंजेक्टर. कॉमन रेल इंजिनावर (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळतं) यातलं काही करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो आणि इंजिन बंद केल्यावरही काही वेळ टिकू शकतो.

हात लावण्याआधी

जुन्या इंजिनातही नॉझल (इंजेक्टरचं फवारा मारणारं तोंड) साधारण १२० ते २५० बारला उघडतो. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत गेलेलं डिझेल पेशी मारत जातं आणि बोट किंवा हात गमवायची पाळी येऊ शकते. असं झालंच तर दुखायची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा आणि दाबाखालचं डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. चालू इंजिनावर इंजेक्टरच्या नळीची गळती हाताने कधीही चाचपू नका. लांब धरलेला पुठ्ठ्याचा तुकडा पुढे न्या, धार असेल तर त्यावर ओला डाग उमटतो.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. सांडलेलं डिझेल सहज पेटत नाही, पण त्याचा फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर पेटतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घाला. चाव्या फिरवून बंद न होणारी जुनी इंजिनं बरीच असतात, म्हणून पंपावरचा स्टॉप लिव्हर कुठे आहे आणि तो हाताने ओढता येतो का, हे आधीच बघून ठेवा.

उगम शोधणं

डिझेल नळीच्या बाहेरून, ब्रॅकेटवरून, वायरिंगवरून ओघळत खाली येतं आणि सर्वांत खालच्या कोपऱ्यात थेंब धरतं. पंखा चालू असेल तर ते मागेही उडतं. त्यामुळे जिथे थेंब दिसतो तिथे गळती असतेच असं नाही. ओल वरच्या बाजूला कुठपर्यंत आहे हे पाहत वर चढत जायचं.

इंजिनाची ती बाजू ब्रश आणि डीग्रीझरने धुऊन पूर्ण कोरडी करा. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नका. कोरड्या जोडांवर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी भुरभुरा, म्हणजे पहिली ओल लगेच गडद दिसते. आता इंजिन चालू न करता टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा हँड प्रायमर (हाताने डिझेल पंप करायचा दट्ट्या) मारा. फीड पंपापासून एफआय पंपापर्यंतच्या भागात हाताने दाब येतो आणि बऱ्याच गळत्या इथेच दिसतात. त्यातून काही दिसलं नाही तर बॅटरीची वायर जोडून इंजिन पाच मिनिटं सावकाश चालवा, बंद करा आणि टॉर्चने बघा.

टाकी ते फीड पंप हा भाग वेगळा. टाकी पंपाच्या खाली असेल तर इथे दाब नसून ओढ असते. त्यामुळे इंजिन चालू असताना डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. रात्रभर उभं राहिल्यावर सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागणं, चालू झाल्यावर आरपीएम वरखाली होणं, भार पडला की दम तोडणं ही त्याची लक्षणं. बाहेर थेंबही नसतो, म्हणून लोक नॉझल आणि पंपावर खर्च करत बसतात. फीड पंपाच्या आधी थोडी पारदर्शक नळी तात्पुरती जोडा. चालू इंजिनात तिच्यातून बुडबुडे जाताना दिसले तर हवा त्याआधी कुठून तरी येते आहे. मग टाकीची नळी काढून स्वच्छ कॅनमधून थेट फीड पंपाला डिझेल द्या. बुडबुडे थांबले तर दोष टाकी ते पंप या नळीत, नळीत बुडबुडे नसूनही लक्षणं तशीच राहिली तर पंपाच्या इनलेट जोडात किंवा फीड पंपातच. हा प्रयोग अर्ध्या तासाचा आहे आणि बरीच फुकटची खोलाखोल वाचवतो. पारदर्शक नळी मात्र कायमची ठेवू नका, साधं पीव्हीसी डिझेलमध्ये कडक होऊन तडकतं.

डिपस्टिकही ओढून बघा. ऑइलची पातळी वाढलेली असेल, ते पातळ झालं असेल आणि त्याला डिझेलचा वास असेल, तर फीड पंपाचा फाटलेला डायफ्राम किंवा एफआय पंपाच्या शाफ्टचं सील आतल्या आत गळतंय. अशा ऑइलवर इंजिन चालवू नका. बेअरिंग खराब होतात, आणि पातळी फार वाढली तर इंजिन तेच ऑइल ओढून आपोआप पळत सुटू शकतं.

ओव्हरफ्लोच्या नळ्या

पहिला संशय इथे घ्या. इंजेक्टरमधलं उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या, एका इंजेक्टरच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर गेलेल्या कापडी वेष्टनाच्या बारीक रबरी नळ्या उष्णतेने कडक होतात आणि टोकाशी चिरतात. दाब जवळपास नसतो, त्यामुळे इंजेक्टरभोवती डबकं साचतं आणि इंजेक्टरच गळतोय असं वाटतं. नळीचा आतला व्यास बहुधा ३.२ ते ३.५ मि.मी. असतो. जुना तुकडा सोबत घेऊन त्याच मापाची डिझेलसाठीची नळी आणा. एक तुकडा फुटला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत, सगळे एकदम बदला आणि शेवटच्या इंजेक्टरवरची बंद टोपी विसरू नका. जुनी नळी काढताना ब्लेड निप्पलवर दाबून चिरू नका, निप्पलवर ओरखडा पडला की नवी नळीही तिथून पाझरते. टोक पिरगाळून ओढायचं.

इंजेक्टरच्या बुडाशी डिझेलऐवजी काळा, डांबरासारखा थर आणि फुसफुस आवाज असेल तर ती इंधनाची गळती नाही. खालचा सीटिंग वॉशर गेलेला आहे आणि सिलिंडरमधला गॅस बाहेर येतोय.

बँजो बोल्ट आणि तांब्याचे वॉशर

नळी काढण्याआधी जोडाभोवतीची धूळ साफ करा. आत गेलेला वाळूचा एक कणही पंपाच्या प्लंजरवर चरा पाडतो. टाकीची कॉक बंद करा. टाकी उंचावर असेल आणि कॉक नसेल तर सायफन होऊन डिझेल वाहतच राहील, म्हणून नळीत घालायला योग्य मापाचा स्वच्छ बोल्ट तयार ठेवा.

बँजोला दोन वॉशर असतात, एक बोल्टच्या डोक्याखाली, एक बँजोच्या खाली. दोन्ही बदला. जुना वॉशर एकदा दाबला गेला की कडक होतो आणि पुन्हा बसकण घेत नाही. नवा मिळेपर्यंत जुना वापरायचाच झाला तर इंजिनापासून लांब, उघड्यावर, तो मंद लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका, वरची काळी पापुद्री घासून काढा. तांबं पाण्यात टाकल्याने कडक होत नाही, उलट मऊच राहतं. ज्यावर गोलाकार खोल खाच पडली आहे तो फेकूनच द्या. बँजोच्या वॉशर टेकतात त्या दोन्ही बाजूंवर आडवा ओरखडा असेल तर काचेवर बारीक एमरी ठेवून आठच्या आकड्यात हलकेच घासून सपाट करा आणि नंतर आतून डिझेलने धुवा.

बँजो बोल्ट पोकळ असतो, त्यामुळे तो दिसतो त्यापेक्षा कमकुवत. १४ मि.मी.च्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतं, तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. टेफ्लॉन टेप या जोडांवर नको. इथे सील आट्यांवर होत नाही, आणि टेपचे धागे तुटून पंपात जातात.

फिल्टर

फिल्टर बदलल्यानंतर लगेच सुरू झालेल्या गळतीचं कारण बहुतेक वेळा एकच: जुनी रिंग वरच्या खाचेत चिकटून राहिली आणि नवी तिच्यावर बसली. खाच बोटाने फिरवून आणि लाकडी काडीने खरवडून पाहा. नव्या रिंगला डिझेलचं बोट फिरवा. स्क्रूने फिरणारा फिल्टर रिंग टेकल्यानंतर हाताने सुमारे पाऊण फेरा, पाना नाही. बाउलच्या फिल्टरला मधल्या बोल्टची स्वतःची छोटी रिंग असते आणि ती किटमधून काढायचीच राहते. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये हा बोल्ट जोरात आवळला तर आटे सोलून निघतात, मग हाउसिंगच बदलावं लागतं.

रबरी नळ्या, लोखंडी नळ्या, टाकी

रबरी नळी निप्पलवर किमान २५ मि.मी. चढली पाहिजे आणि क्लिप निप्पलच्या उंचवट्याच्या मागे हवी, टोकावर नको. खाचांच्या क्लिपऐवजी गुळगुळीत पट्टीची क्लिप वापरा, ती रबर कापत नाही. ओढीच्या बाजूला मऊ नळी चालत नाही, ती आत पिचकते. जुन्या नायट्राइलच्या रिंगा कमी सल्फरच्या डिझेलवर आल्यावर आकसून गळू लागतात, आणि बायोडिझेलच्या मिश्रणात साधं रबर फुगतं. पर्याय असेल तिथे व्हायटॉनच्या (डिझेल सोसणाऱ्या रबराच्या) रिंगा घाला.

घासून भोक पडलेली कमी दाबाची लोखंडी नळी तेवढा भाग कापून बदला आणि ती ज्याला घासत होती त्यावर रबरी क्लॅम्प लावा, नाहीतर नवी नळीही तिथेच जाईल. इपॉक्सी पुट्टी घरी पोहोचेपर्यंत ठीक. टाकीला भोक असेल तर वेल्डिंग घरी अजिबात नको. रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ ठिणगीने स्फोट करते.

हाय प्रेशर नळ्या

पंप ते इंजेक्टर ही नळी दुरुस्त होत नाही. वेल्डिंग, ब्रेझिंग, पुट्टी, काहीही नाही. त्याच लांबीची, त्याच बोअरची नवी नळी घाला, कारण लांबी बदलली की त्या सिलिंडरचं टायमिंग बदलतं. गळती नटाजवळ चिरेतून असेल तर नळ्यांना बांधणारे क्लॅम्प जागेवर आहेत का बघा. ते नसले की नळी थरथरून तिथेच तुटते.

पंपाकडचा नट उघडताना त्याखालचा डिलिव्हरी व्हॉल्व्हचा (पंपातून नळीत डिझेल सोडणाऱ्या झडपेचा) होल्डर दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. हे न केल्यामुळे होल्डरच फिरतो आणि एक गळती थांबवताना दुसरी सुरू होते. बसवताना दोन्ही टोकांचे नट हाताने दोन-तीन आटे चालले पाहिजेत. नळी ओढून-वाकवून जुळवावी लागत असेल तर नळीच्या टोकाचा शंकू तिरका बसतोय, थांबा आणि पुन्हा मांडा. १२ मि.मी. आट्यांच्या नटाला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर. त्याने गळती थांबली नाही तर आणखी आवळू नका. शंकूवर चरा आहे किंवा तो चेपला आहे, आणि जास्त ताकदीने आतलं भोक अरुंद होतं.

होल्डरच्या खालून ओल येत असेल तर आतली रिंग किंवा वॉशर बदलता येतो, पण एका वेळी एकच उघडा. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट ही जोडी आहे, दुसऱ्या सिलिंडरशी अदलाबदल करू नका, आणि होल्डर पुस्तकातल्या आकड्यालाच आवळा.

एअर काढणं

फिल्टर शक्य असेल तर स्वच्छ डिझेलने भरून बसवा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) सैल करून प्रायमर मारा. फेस जाऊन एकसंध धार आली की प्रायमर मारत असतानाच स्क्रू बंद करा. मग पंपावरचा ब्लीड स्क्रू तसाच. त्यानंतर बॅटरी जोडा, इंजेक्टरकडचे नट अर्धा ते एक फेरा सैल करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, एका वेळी १० ते १५ सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती, नाहीतर स्टार्टर जळेल. नटातून डिझेल फुसफुसायला लागलं की नट आवळा. त्या वेळी चेहरा आणि हात नळ्यांपासून दूर. इथर फवारू नका, ग्लो प्लग किंवा हीटर असलेल्या इंजिनात त्याचा भडका उडतो.

इंजिन १५ मिनिटं चालवा, बंद करा, कोरड्या कागदाची पट्टी प्रत्येक उघडलेल्या जोडाभोवती फिरवा. थंड झाल्यावर तांब्याच्या वॉशरचे जोड एकदाच त्याच आकड्याला तपासा. रात्री खाली पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी पहिल्या सेल्फला किती वेळ लागतो ते बघा, ओढीच्या बाजूचा जोड तिथेच पकडला जातो. इंजिन माउंटिंग, पाण्याचे होज आणि पट्टा यांच्यावर सांडलेलं डिझेल साबणाच्या पाण्याने धुवा, ते रबर फुगवतं.

एफआय पंपाच्या बॉडीतून, थ्रॉटल शाफ्टमधून किंवा ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून गळत असेल, किंवा नॉझलच्या कॅप नटातून, तर ते काम टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याचं. पंप स्वतः काढणार असाल तर बोल्ट सैल करण्याआधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनावर एकच सरळ रेघ पंचने मारा, इंजिन टायमिंगच्या खुणेवर आणून ठेवा आणि पंप उतरल्यावर क्रँक फिरवू नका. सगळी उघडी तोंडं लगेच स्वच्छ टोप्यांनी बंद करा, चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात.