दुबईत भाड्याचे घर घेताना: भत्ता महिन्याचा, चेक सहा महिन्यांचा

दुबईत नोकरी मिळालेल्या नागपूरकराला घराविषयी पहिला सल्ला मिळतो तो ‘भाडे घासाघीस करून कमी करून घे’ असा. हा सल्ला देणाऱ्याने तेथे स्वतःच्या नावावर घर कधीच घेतलेले नसते, असे मी आता सरळ धरून चालतो. मी तेथे पाच घरे घेतली आणि सोडली. भाड्याच्या रकमेने मला फारसा त्रास दिला नाही. ते भाडे किती चेकांत आणि कोणत्या तारखांना द्यायचे, या प्रश्नाने मात्र पहिल्याच वर्षी तोंडाला फेस आणला.

व्हिसा, एमिरेट्स आयडी म्हणजे तेथील ओळखपत्र, बँकेतील खाते आणि चेकबुक या गोष्टी आधी हातात असाव्यात, हे वेगळे सांगायला नको. त्या येईपर्यंत कंपनीच्या निवासात किंवा ओळखीच्याकडे राहावे. घाईघाईने घर ठरवू नये.

नियुक्तिपत्रातील घरभाडे भत्त्याची ओळ विमानात बसण्यापूर्वी, नागपुरातच नीट वाचावी. येथे आपल्याला एचआरएची सवय असते. पगाराच्या चाळीस टक्क्यांची मर्यादा, वडिलांच्या नावाने केलेल्या भाड्याच्या पावत्या आणि मार्च महिन्यातील धावपळ, एवढाच त्याचा अर्थ आपण जाणतो. तेथे पगारावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे भत्ता रोख मिळत असेल तर पावती कोणी मागत नाही आणि उरलेली रक्कम आपलीच असते. काही कंपन्या मात्र भत्ता न देता स्वतःच्या नावाने घर घेऊन देतात. तसे असेल तर पुढचे बरेचसे विवेचन आपल्याला लागू नाही. फक्त नोकरी सुटली की घरही सुटते, एवढे लक्षात ठेवावे.

आता चेकांकडे वळू. मनीषनगरात किंवा त्रिमूर्तीनगरात आपण दोन-तीन महिन्यांचे डिपॉझिट देतो, अकरा महिन्यांचा करार करतो आणि दर महिन्याच्या पाच तारखेला घरमालकाच्या खात्यावर भाडे पाठवतो. दुबईत भाडे वर्षाचे बोलले जाते आणि करार करतानाच एक, दोन, चार किंवा अधिक चेक पुढच्या तारखा घालून मालकाला देऊन ठेवावे लागतात. चेक जितके कमी तितका मालक खूश. म्हणून एका चेकात वर्षभराचे भाडे देणाऱ्याला सवलत मिळते आणि बारा चेक मागणाऱ्याकडे एजंट पाहून न पाहिल्यासारखे करतो. भत्ता मात्र पगारासोबत, महिना संपल्यावर येतो.

वर्षाचे भाडे ६०,००० दिरहम आणि भत्ता महिना ५,००० दिरहम असे धरू. कागदावर दोन्ही बाजू बरोबरीच्या दिसतात. चार चेक ठरले तर पहिल्या दिवशी १५,००० चा पहिला चेक, विनासामानाच्या घरासाठी प्रचलित असलेले पाच टक्के डिपॉझिट म्हणजे ३,०००, एजंटचे पाच टक्के म्हणजे आणखी ३,००० आणि त्यावर १५० व्हॅट, वीज-पाण्याच्या जोडणीचे फ्लॅटसाठीचे २,००० असे मिळून २३,१५० दिरहम लागतात. दोन चेक ठरले तर हाच आकडा ३८,१५० होतो. सामानासह घर असेल तर डिपॉझिट बहुधा दहा टक्के मागतात. त्या दिवशी आपल्या खात्यावर फार तर एका महिन्याचा भत्ता असतो.

ही दरी भरण्यासाठी बऱ्याच कंपन्या भत्त्याची आगाऊ रक्कम देतात, आणि माझी फसगत नेमकी तेथे झाली. मला सहा महिन्यांचे ३०,००० दिरहम आगाऊ मिळाले, त्यांतून दोनपैकी पहिला चेक वटला आणि मी निश्चिंत झालो. पुढचे सहा महिने कंपनी दर महिन्याचा भत्ता त्या रकमेपोटी कापून घेत होती, याचा अर्थ माझ्या ध्यानात पाचव्या महिन्यात आला. सहाव्या महिन्याच्या अखेरीस ३०,००० चा दुसरा चेक बँकेत पडणार होता आणि त्यासाठी भत्त्यातील एक दिरहमही शिल्लक नव्हता, कारण तो आलाच नव्हता. अमरावतीच्या एका सहकाऱ्याने पैसे दिले म्हणून निभावले. ते फेडायला मला आठ महिने लागले. मनुष्यबळ विभागातील गृहस्थांनी शांतपणे सांगितले की हे सर्व धोरणात लिहिलेले होते. ते खरे होते, म्हणून तर अधिक राग आला.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की घर पाहायला निघण्यापूर्वी कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारावेत: आगाऊ रक्कम किती महिन्यांची मिळेल, ती किती हप्त्यांत कापली जाईल, आणि कापून झाल्यावर दुसरी आगाऊ रक्कम मिळेल काय. सहा महिन्यांची रक्कम वर्षातून दोनदा मिळत असेल तर दोन चेक ठरवावेत. वर्षाची एकदम मिळत असेल तर एक चेक द्यावा आणि सवलत पदरात पाडून घ्यावी. काहीच मिळत नसेल तर चारांपेक्षा कमी चेकांचे घर, ते कितीही आवडले तरी, पाहूसुद्धा नये. सवलतीच्या मोहाने बँकेचे कर्ज काढून एक चेक देणारे मी पाहिले आहेत; व्याज आणि शुल्क धरल्यावर त्यांच्या हाती सवलतीतले काही उरले असेल, यावर माझा विश्वास नाही.

चेक लिहिताना नाव, रक्कम आणि तारीख स्वतः लिहावी. कोरा किंवा तारखेविना चेक कोणालाही देऊ नये. नाव मालकी हक्काच्या कागदावर आहे तेच असावे. एजंट ‘माझ्या नावाने द्या, मी पोहोचवतो’ म्हणाला की तेथून उठावे. मालक परदेशात असून कोणी मुखत्यार सही करत असेल, तर मुखत्यारपत्र पाहावे आणि चेक तरीही मालकाच्याच नावाने द्यावा. तारखा पगारानंतर चार-पाच दिवसांच्या मागाव्यात. या मागणीला नकार देणारा मालक मला अद्याप भेटलेला नाही. प्रत्येक चेकचा फोटो काढून ठेवावा.

‘आता चेक परत गेला तरी काही होत नाही’ असे जे सांगितले जाते, ते अर्धसत्य आहे. २ जानेवारी २०२२ पासून केवळ खात्यात पैसे अपुरे असणे हा तेथे पूर्वीसारखा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, हे खरे. परंतु त्याच बदलाने बँकेला खात्यात असेल तेवढी रक्कम चेकपोटी देणे भाग पडले, आणि उरलेल्या रकमेसाठी मालकाला वेगळा दावा न लावता थेट अंमलबजावणी न्यायालयात जाण्याची मुभा मिळाली. तेथून खाते गोठवले जाऊ शकते, देश सोडण्यावर बंदी येऊ शकते. मुद्दाम खाते बंद करणे किंवा खोटी सही करणे हा तर आजही गुन्हाच आहे.

भाडे आणि भत्ता समान ठेवू नये, ही दुसरी गोष्ट. वार्षिक भाड्याच्या पाच टक्के एवढी नगरपालिकेची गृहपट्टी वीज-पाण्याच्या बिलातून महिन्याच्या महिन्याला वसूल होते. आपल्या उदाहरणात महिना २५० दिरहम. बिल देणाऱ्या दुबईच्या वीज व पाणी प्राधिकरणाला (इंग्रजी आद्याक्षरे DEWA) सगळे भारतीय ‘देवा’ म्हणतात, आणि ऑगस्टचे बिल पाहिल्यावर ते नाव सार्थ वाटते. त्यात थंडाव्याचा प्रश्न येतो. पंचेचाळीस अंशांचे कौतुक नागपूरकराला कोणी सांगू नये, परंतु तेथील हवा दमट असते आणि आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तेथे निरुपयोगी आहे. अनेक इमारतींना केंद्रीय यंत्रणेतून थंड पाणी मिळते आणि त्याचे बिल वेगळे येते. ‘चिलर भाड्यात आहे की बाहेर’ हे विचारून उत्तर करारात लिहून घ्यावे. माझा हिशेब असा, की भाडे भत्त्याच्या ८५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये.

घर प्रत्यक्ष पाहावे, नळ सोडून पाहावा, एसी लावून अर्धा तास थांबावे. एजंटचा नोंदणी क्रमांक आणि मालकी हक्काचा कागद भूमी विभागाच्या ‘दुबई रेस्ट’ ॲपवर पडताळता येतो.

करारात एक कलम मात्र भांडून घालून घ्यावे. मुदतीपूर्वी घर सोडण्याचा हक्क भाडेकरूला तेथील कायदा आपोआप देत नाही. आपला व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, नोकरी गेली तर आगाऊ भत्त्याची उरलेली रक्कम कंपनी हिशेबातून कापते, आणि वर्षाचे भाडे मात्र मालकाकडे जाऊन बसलेले असते. ‘साठ दिवसांच्या सूचनेवर, दोन महिन्यांच्या भाड्याइतकी भरपाई देऊन भाडेकरू घर सोडू शकेल आणि उरलेले चेक परत मिळतील’ असे स्पष्ट वाक्य मी दुसऱ्या घरापासून प्रत्येक करारात लिहून घेतले. तोंडी आश्वासन देणारे मालक सज्जन असतात, पण घर विकले गेले की सज्जनपणा विकत घेणाऱ्याकडे जातोच असे नाही.

सही झाली की ‘इजारी’ म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी करावी. तिच्याविना वीज-पाण्याची जोडणी होत नाही आणि कुटुंबाच्या व्हिसासाठीही तीच मागतात. ही नोंदणी दुबईपुरती आहे. अबूधाबीत ‘तौथीक’ असते आणि शारजाहचे नियम निराळे आहेत.

वर्ष संपत आले की भाडेवाढीचा निरोप येतो. वाढ करायची तर मुदत संपण्यापूर्वी किमान ९० दिवस कळवावे लागते आणि २०१३ च्या ४३ क्रमांकाच्या आदेशाने तिचे टप्पे ठरवले आहेत: चालू भाडे परिसरातील सरासरीपेक्षा दहा टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ शून्य, आणि फरक चाळीस टक्क्यांहून अधिक असला तरी वाढ वीस टक्क्यांपेक्षा जास्त नाही. भूमी विभागाच्या भाडे निर्देशांकात आपल्या इमारतीचा आकडा पाहावा आणि त्याच बैठकीत नव्या वर्षाच्या चेकांची संख्या पुन्हा मागावी. बारा महिने वेळेवर चेक वटलेल्या भाडेकरूला दोनाचे चार चेक करून मिळतात. मला तीनदा मिळाले.