ट्रेलची गाडी घेताय? या चुका टाळा

पानशेतच्या मागच्या अंगाला, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, बैलगाडीच्या चाकोरीत माझी गाडी आडवी झाली. दोनशे किलोच्या आसपासची मोटरसायकल, टाकी फुल, मागे दोन बॅगा. सोबतचे दोघे पुढे निघून गेलेले. तीनदा जोर लावला, तिन्ही वेळा बूट सरकले आणि मीच गुडघ्यावर आलो. शेवटी भातलावणी सोडून एक काका बांधावरून खाली आले. गाडीकडे बघत म्हणाले, "एवढं जड जनावर चिखलात आणायचंच कशाला?"

उत्तर नव्हतं. ट्रेलवर, म्हणजे कच्च्या वाटांवर, फिरायला गाडी घेताना मी पॉवर पाहिली, डिस्प्लेवर मॅप दिसतो का पाहिलं, रंगावर तर आठवडा घालवला. वजनाचा आकडाही वाचला होता, पण मनावर घेतला नव्हता.

वजन शेवटी बघणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० साधारण ४० पीएसची (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) आणि १९६ किलोची. हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही १९ पीएसची, पण १६० किलोच्या आतली. मधला फरक म्हणजे पाऊण गोणी सिमेंट. पुण्याहून लडाखला जायचं तर हिमालयनच घ्या, त्यात वादच नाही. पण रविवारी पहाटे निघून वेल्हा, भोर, मुळशीच्या कच्च्या वाटांवर भटकायचं असेल तर दिवसभर पहिला-दुसरा गिअर सोडून फारसं काही लागत नाही. तिथे ४० पीएस कुठे वापरणार?

म्हणून टेस्ट राइडच्या आधी एखाद्या मित्राची तीच गाडी मातीत अलगद आडवी करा आणि एकट्याने उचलून बघा. उताराकडे पडली असेल तर आधी पहिला गिअर टाकायचा, म्हणजे उचलताना घरंगळत नाही. हँडल पूर्ण वळवून घ्यायचं, पाठ सीटला टेकवायची आणि जोर पायांचा लावायचा. लागोपाठ तीनदा जमलं तर गाडी तुमची. शोरूमवाला हे करू देणार नाही, मित्र जेवणावर तयार होतो.

उंचीचंही तसंच. शोरूमच्या फरशीवर दोन्ही टाचा टेकल्या म्हणजे झालं, असं नाही. वाटेवर नेमका ज्या बाजूला पाय टाकाल तिथे खड्डा असतो. कावासाकीची केएलएक्स २३० अवघी १३९ किलोची, पण सीट ८८० मिलिमीटरवर. एक्सपल्सची ८२५. पाच फूट पाच इंचाच्या माणसाला हा फरक घसाऱ्यावर थांबताना कळतो. तरी माझं मत विचाराल तर जड आणि बुटक्या गाडीपेक्षा हलकी आणि उंच बरी. एक पाय नीट टेकला तरी भागतं.

स्पर्धेची गाडी म्हणजे टिकाऊ गाडी, हा गैरसमज

व्हिडिओत उड्या मारणाऱ्या ऑरेंज गाड्या बघून पुष्कळांना वाटतं, एवढा मार खाते म्हणजे मजबूतच असणार. मजबूत असते, पण देखभाल मागते. केटीएम ३५० ईएक्ससी-एफसारख्या गाडीचा हिशोब किलोमीटरमध्ये नसतो, इंजिन चाललेल्या तासांत असतो. ऑइल पंधरा-तीस तासांनी बदलायचं, पुढे पिस्टनसुद्धा तासांवर. शिवाय आपल्याकडे अशा गाडीचं पासिंग होत नाही, त्यामुळे ट्रेलपर्यंत ती टेम्पोत घालून न्यावी लागते. कमी कटकट हवी असेल तर साधं, एअर किंवा ऑइल कूल्ड इंजिन बघा, आणि ज्या तालुक्याच्या गावात तुम्ही बंद पडू शकता तिथल्या मेकॅनिकने ती गाडी कधी खोलली आहे का, हे विचारा.

घेतल्या घेतल्या सामान चढवणं

मोठा क्रॅश गार्ड, टॉप बॉक्स, चार लाइट. वजन कमी बघून घेतलेल्या गाडीवर पंधरा किलो परत चढवले. लागतं ते थोडंच: चांगला संप गार्ड (इंजिनाखालचं कवच), हँड गार्ड आणि चिखल धरणारे टायर. पुढचं चाक २१ इंची असेल तर त्याची ट्यूब गावच्या पंक्चरवाल्याकडे मिळत नाही. एक २१ इंची ट्यूब जवळ ठेवा. अडचणीत तीच मागच्या १८ इंची चाकातही घालून घरी येता येतं. उलटं जमत नाही.

ट्रेलनंतरच्या चुका

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी थेट कोन सेटवर (हँडलच्या बेअरिंगवर) आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या बेअरिंगवर मारलं की आतलं ग्रीस निघून जातं. दोन पावसाळ्यांत हँडल मधोमध अडखळायला लागतं आणि दोष गाडीला. घरी पाइपने धुवा, चिखल भिजू द्या. चेन पेट्रोलने धुवायची नाही, तिच्यातल्या रबरी ओ-रिंग खराब होतात. रॉकेल किंवा डिझेल, मग कोरड्या चेनला नव्वद नंबरचं गिअर ऑइल. आणि चेन तंग ठेवू नका. मागचा सस्पेन्शन दबला की ती आणखी ताणली जाते आणि भार चेनच्या दातेरी चाकांबरोबर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळतंय म्हणून एका गॅरेजमध्ये मला थेट दोन्ही ऑइल सील बदलायला सांगितले होते. घरी येऊन धूळ अडवणारा डस्ट सील खाली सरकवला, जुन्या एक्स-रेची पातळ पट्टी कापली, कड गुळगुळीत केली आणि ऑइल सीलच्या ओठाखालून गोल फिरवली. चिमूटभर लाल माती निघाली. गळती थांबली. दर वेळी थांबेलच असं नाही, पण पैसे देण्याआधी पाच मिनिटं द्यायला काय हरकत?

बंद पडली तर

पडल्यावर सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही? बऱ्याच एफआय (फ्युएल इंजेक्शन) गाड्यांत गाडी आडवी झाली की सेन्सर इंजिन बंद करतो. चावी बंद करून पुन्हा चालू करा.

न्यूट्रलला चालते, गिअर टाकला की मरते? साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल बसलाय. बाटलीतल्या पाण्याने धुवा, स्टँड चार-पाच वेळा वर-खाली करा. याच एका कारणासाठी टेम्पो बोलावलेले लोक मी पाहिलेत.

चढावर क्लच घसरतोय आणि जळका वास येतोय? अर्ध्या क्लचवर फार खेळलात. थांबा, क्लच थंड होऊन पुन्हा नीट धरू लागेपर्यंत चहा प्या. केबलला थोडी ढील आहे ना तेही बघा.

ओढ्यात गाडी पूर्ण बुडाली तर मात्र सेल्फला हात लावू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर काढून प्लग खोला, एअर फिल्टर काढा, चावी बंद ठेवून वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने फिरवून पाणी बाहेर येऊ द्या. मग इंजिनवरच्या ऑइल बघायच्या काचेत बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्या दिवशीची राइड संपली, गाडी ढकलतच गावापर्यंत न्यायची.